मुझीची उजवी चप्पल

थोरल्या सुनेला जुळं झालं ते वर्ष दोन हजार चौदा. दक्षिण आफ्रिकेतली जुलैची थंडी होती, थुकेला नदी आटून गुडघाभर राहिली होती आणि नर्सबाई नदीपलीकडच्या दवाखान्यात होती. झिबुसे म्थेंबूच्या घरात तेव्हा पळू शकेल असा एकच माणूस होता, त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाचा मुलगा मुझी. मुझी उठला, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि उतारावरून नदीकडे सुटला.

नर्सबाईला घेऊन तो परतला तेव्हा पहिलं पोर बाहेर आलं होतं, दुसरं वाटेवर होतं. मुझीच्या पायांना काटे लागून रक्त आलं होतं. चपला मात्र हातात, कोऱ्याच्या कोऱ्या. एकेक हात एकेका चपलेच्या पट्ट्यात घातलेला, हातमोजे घालावेत तसा.

"अरे, मी चपला पायात घालायला करतो की हातात मिरवायला?" झिबुसे म्हणाला.

"थोरले बाबा, चपला नव्या आहेत, पाय जुने आहेत. आधी जुनं झिजू दे."

सगळे हसले. आत बाळंतीणसुद्धा कळा देता देता हसली असं बायका सांगतात.

चपला झिबुसेनंच केलेल्या होत्या. जोहान्सबर्गच्या खाणीत छातीत धूळ भरली तसा तो घरी परतला होता, आणि तेव्हापासून मोटारीच्या जुन्या टायरांच्या चपला करत होता. रापी, हातोडी, चुका आणि टायर, एवढाच त्याचा संसार. त्या डोंगरात ज्याच्या पायात टायरची चप्पल, ती बहुतेक झिबुसेच्या हातची. मुझीचा उजवा अंगठा लहानपणी बैलाच्या पायाखाली चिरडून बाहेर वळला होता, म्हणून त्याच्या उजव्या चपलेचा पट्टा झिबुसे बोटभर बाहेरून घ्यायचा. तशी चप्पल साऱ्या मुलखात एकच.

जुळ्यांना पाचवा आठवडा लागला होता. चौदा ऑगस्टला, गुरुवारी, पोलिसांची गाडी दारात येऊन थांबली. ठाण्याचे साहेब उतरले आणि त्यांच्या मागून हवालदार हादेबे उतरला, टोपी हातात घेऊन. मुझी मेला होता. हादेबेच्या गोळीनं मेला होता.

साहेबांनी सांगितलं ते असं. सकाळी बाजारगावातल्या मोठ्या दुकानावर तिघांनी दरोडा घातला. तिघांच्या अंगात कामगार घालतात तसल्या निळ्या डांगऱ्या. राखणदाराला गोळी लागली, तो दवाखान्यात आहे. दोघं मोटारीतून पळाले, तिसरा नदीकडे धावला. हादेबे त्याच्या मागे गेला. रस्त्याच्या मोरीपाशी तिसऱ्यानं वळून गोळी झाडली, मग हादेबेनं झाडली. मुझीच्या अंगात निळी डांगरी होती. शेजारी बंदूक पडली होती.

"गुरुवार आहे आज!" मुझीची आई ओरडली. तिला सगळे माझुंगू म्हणत, म्हणजे झुंगूंची लेक. "दर गुरुवारी तो गुरांच्या औषधाच्या हौदावर कामाला जातो. डांगरी त्यांनीच दिलीय. गोचिडांचं औषध मारणारा मुलगा दुकान कशाला लुटेल? भाऊजी, तुम्ही बोला ना!"

झिबुसेनं मुझीची बाजू घेतली नाही. तो हादेबेकडे बघत होता.

त्याचं कारण होतं. पाच वर्षांपूर्वी असल्याच चोरांनी झिबुसेला डोंगरातल्या वाटेवर गाठलं होतं. गुडघ्यात गोळी घालून, टायरांची गाठोडी विस्कटून ते निघून गेले. पोलिसांची गाडी बिघडलेली. तेव्हा हा हादेबे, तेव्हा तो नवखा होता, पायी आला आणि त्यानं झिबुसेला पाठीवर घेतलं. दोन डोंगर. मध्ये एकदाच थांबला, तेही झिबुसेला लघवीला बसवण्यासाठी. "म्वेलासे, मरू नका," असं म्हणत राहिला. म्वेलासे हे म्थेंबूंचं मानाचं कुळनाव. "मरू नका, माझ्या मापाच्या चपला राहिल्यात अजून." ज्या माणसाच्या मानेचा घाम आपल्या तोंडाला लागलाय, त्याला खोटं कसं म्हणायचं?

आणि मुझी काही साधू नव्हता. सोळाव्या वर्षी शेजाऱ्याचं बकरं चोरून भाजून खाल्लं होतं, तेव्हा झिबुसेनंच त्याला चामड्याच्या पट्ट्यानं फोडला होता. पुढे जोहान्सबर्गला गेला आणि वर्षभरात परत आला. का आला ते कुणाला सांगितलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं झिबुसेच्या मनानं घेतलं.

प्रेत धुवायला तोच बसला. छातीत एक गोळी. दुसरी उजव्या हाताला, तळव्याच्या बरोबर मध्यात. त्यानं ते भोक अंगठ्यानं दाबून धरलं आणि मनात म्हणाला, हाच तो हात. यातच बंदूक होती. त्या भोकानं त्याची खात्री पटली.

माझुंगू पोलिसांनी परत दिलेली कपड्यांची पिशवी उपसत होती.

"मोरीत पडला म्हणतात," ती म्हणाली. "मोरीत लाल चिखल आहे, बाराही महिने. याच्या डांगरीला चिखल कुठाय? पाठीला थोडा आहे. गुडघ्याला नाही, कोपराला नाही. सगळीकडे कुसळं आहेत. आणि चप्पल एकच आहे, डावी."

"पडली असेल कुठंतरी. माणूस गेला, तू चपलेचं काय घेऊन बसलीस?"

"तुम्ही चपला करणारे! तुम्ही विचारायचं ते मला विचारावं लागतंय."

हे तिनं दिराला सगळ्यांसमोर म्हटलं. बायकांनी तोंडावर हात ठेवले. झिबुसे उठून बाहेर गेला.

त्यांच्यात रीत अशी आहे की घराबाहेर, अपघातानं नाहीतर घातानं मेलेल्या माणसाचं प्रेत आणलं म्हणजे माणूस आला असं होत नाही. तो जिथं पडला तिथंच राहतो, वाट बघत. घरातला वडीलधारा रानबोरीची फांदी घेऊन त्या जागेवर जातो, नाव घेऊन हाक मारतो, आणि फांदीवर त्याला घरी आणतो. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोलायचं ते फक्त मेलेल्याशी: आता नदी ओलांडतोय, आता गाडीत चढतोय. गाडीत त्याची जागा वेगळी धरायची. आणि जागा बरोबर हवी. दोन पावलं इकडे तिकडे चालतात, पण भलतीकडे हाक मारली तर येणार कोण?

म्हणून दफनाच्या आदल्या दिवशी झिबुसे ठाण्यावर गेला. साहेबांनी हादेबेला बरोबर घेतलं आणि ते मोरीपाशी आले.

"नेमका कुठं पडला?" झिबुसेनं विचारलं.

हादेबे आपल्या बुटांकडे बघत होता. साहेब खाकरले.

"इथं," हादेबे म्हणाला आणि बोट दाखवलं. बोट मोरीकडे होतं, डोळे बुटांवर.

झिबुसेनं फांदी जमिनीला टेकवली. रानबोरीला काटे जोडीनं येतात, एक सरळ पुढे, एक मागे वळलेला. "मुझी," तो म्हणाला, "म्वेलासे, चल घरी. आई वाट बघतेय." मग वाटेत तो दुसऱ्या कुणाशी बोलला नाही. टॅक्सीत शेजारच्या जागेवर फांदी ठेवली. एका शाळामास्तरानं त्या जागेवर बूड टेकायला घेतलं तेव्हा टॅक्सीवाला ओरडला, "ओ मास्तर, माणूस बसलाय तिथं, दिसत नाही का?" मास्तर टोपी काढून मागे गेले.

घरी आल्यावर, मेलेल्याच्या नावानं बोकड कापण्याआधी, फांदीची पानं त्याच्यापुढे धरतात; त्यानं खाल्ली तर माणूस आला. बोकडानं हुंगली आणि तोंड फिरवलं.

"खाल्लं नाही त्यानं," माझुंगू म्हणाली.

"पोट भरलं असेल त्याचं."

दुसऱ्या दिवशी, कबरीपाशी, तरुण पोरं कुजबुजत होती. दफन झालं की ठाण्यावर जायचं, दगड आधीच जमवलेत. झिबुसेला ते कळलं. तो काठी टेकत उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मुझी माझ्या भावाचा मुलगा होता. तो हातात बंदूक घेऊन मेला. मी स्वतः त्याचा हात धुतलाय. ज्या पोलिसानं गोळी घातली त्यानं मला पाठीवर वाहिलंय. कुठलाही म्थेंबू ठाण्यावर दगड मारणार नाही."

पोरं घरी गेली. ठाणं वाचलं. माझुंगूनं त्या दिवसापासून झिबुसेशी बोलणं सोडलं. जेवण आणून ठेवायची, ताट जमिनीवर जरा जोरात आपटायची, एवढंच.

पुढच्या आठवड्यात पोलिसांच्या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या खात्याकडून मोलेफे नावाच्या बाई आल्या. हातात वही, डोळ्यावर मोठा चष्मा. त्यांनी विचारलं, घरच्यांची काही तक्रार आहे का? घराचा वडील म्हणून झिबुसेनं उत्तर दिलं, नाही. पन्नाशीत शिकलेली सही त्यानं सावकाश, एकेक अक्षर करून कागदावर केली. माझुंगू दारात उभी होती. ती म्हणाली, "बाई, माझी सही कुणी मागितली नाही, हेही लिहा तुमच्या वहीत." बाईंनी खरंच लिहिलं.

*

सप्टेंबर लागला. छपराचं गवत कापून संपत आलं होतं. भारे डोक्यावर घेतलेल्या बायका डोंगरावरून उतरत होत्या. त्यातली एक, माखोझा नावाची जाडजूड बाई, भारा झिबुसेच्या कुंपणाला टेकवून आत आली.

"म्वेलासे, आहात का? गिऱ्हाईक आलंय."

"तू कसलं गिऱ्हाईक! गेल्या वर्षी चपला नेल्यास आणि म्हणतेस, चावतात."

"चावतात तर चावतातच! म्हणून तर आता दुसऱ्याची चप्पल घेऊन आले." तिनं शालीतून एक चप्पल काढून त्याच्यापुढे टाकली. "गवतात सापडली. चांगली आहे, एकच आहे. हिला जोडीची डावी करून द्या, माझ्या नवऱ्याला होतील. तो मेला पट्टा असा तिरका का घातलाय तेवढं नीट करा."

झिबुसेनं चप्पल उचलली. पट्टा बोटभर बाहेरून घेतलेला होता.

"कुठं सापडली?"

"वर. हौदाकडे जाणारी पायवाट आहे ना, कोरफडीच्या त्या माणसाएवढ्या उंच झाडापाशी. का?"

"मोरीजवळ नाही?"

"मोरीत गवत उगवतं का, म्वेलासे? वर, वर. मोरीपासून पाचशे पावलं तरी असेल. अहो, काय झालं? पाणी आणू का?"

झिबुसे चप्पल उलटीसुलटी करत होता. तळाच्या मधोमध, जिथं टायरची नक्षी असते, तिथं बारीक टिंब होतं. त्यानं आरी घातली. आरी सहज आरपार गेली. टायरचं रबर मोठं लबाड असतं, भोक पडलं तरी मिटून घेतं. पण रबराच्या आत सुताची वीण असते, ती लबाडी करत नाही. ज्या बाजूला गोळी बाहेर पडते त्या बाजूला सुतं फाटून बाहेर येतात. इथं सुतं आत आली होती, पायाच्या बाजूला. गोळी तळातून शिरून पायाकडे गेली होती.

पण पाय त्यानं स्वतः धुतले होते. दोन्ही पाय शाबूत होते.

माखोझा बडबडत होती, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं हळूच आपला उजवा हात चपलेच्या पट्ट्यात घातला, हातमोजा घालावा तसा. तळवा चपलेला टेकला. मग त्यानं हात वर केला, जसा माणूस पोलिसापुढे करतो, तळवा समोर. चपलेचा तळ समोर झाला. सुतं त्याच्या तळव्याला टोचत होती, बरोबर मध्यात.

त्याला ते भोक आठवलं. आणि तेव्हा जे सुचायला हवं होतं ते आता सुचलं. बंदूक धरलेला हात मिटलेला असतो. मिटलेल्या मुठीला गोळी लागली तर बोटं जातात. मुझीची पाचही बोटं धड होती. तळव्याच्या मध्यात गोळी लागायला तळवा उघडा हवा.

"हा हात कुणाला दाखवताय?" माखोझानं विचारलं. "आशीर्वाद देताय का मला?"

"तू जा, बाई," झिबुसे म्हणाला. "तुझ्या नवऱ्याला मी नवा जोड करून देईन. ही चप्पल माझ्या घरची आहे."

तो दिवसभर तिथंच बसून राहिला. मन एकदम फिरत नाही, बैलगाडीसारखं वळायला जागा घेतं. कदाचित चप्पल पळताना उडाली असेल. कदाचित वरही गोळीबार झाला असेल. त्यानं हादेबेच्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं स्वतःशी बोलून पाहिलं, पाठीवरचे दोन डोंगर पुन्हा चढून पाहिले. मग माझुंगूचं बोलणं आठवलं. चिखल पाठीला, कुसळं सगळीकडे. माणूस गवतात पडला होता आणि मग त्याला कुणीतरी उताणा नेऊन मोरीत ठेवला होता.

म्हणजे हाक भलत्याच जागी गेली होती. मुझी अजून वरच होता. त्या कोरफडीपाशी. आपण मोरीवर हाक मारली, टॅक्सीत जागा धरली, मास्तरांना उठवलं, कबरीवर फांदी ठेवली. आणि पोरगं तिथं तीन आठवडे बसून राहिलंय, कुणी येतंय का बघत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हादेबेच्या घरी गेला. दीड तासांची वाट, गुडघा दुखत होता. फाटकाबाहेर उभं राहून त्यानं हादेबेंच्या कुळाच्या नावानं हाक मारली, "भुंगाने!"

हादेबे रजेवर होता, गुरांच्या वाड्याचं कुंपण बांधत होता. म्हाताऱ्याला बघून त्याच्या हातातली काटेरी फांदी खाली पडली.

"म्वेलासे. या. बसा."

त्याच्या बायकोनं आंबील आणून ठेवली. झिबुसेनं भांड्याला हात लावला नाही. रीतीनं हे मोठं बोलणं होतं आणि हादेबेला ते समजलं. बायकोही समजून आत गेली.

"तू मला पाठीवरून नेलंस," झिबुसे म्हणाला. "ते मी विसरलो नाही. मेल्यावरही विसरणार नाही. मी तुला कोर्टाचं काही विचारायला आलो नाही. मला एकच सांग. तो कुठं पडला?"

"मी दाखवलं होतं ना—"

"भुंगाने, मी रिकामी फांदी घेऊन घरी गेलो. मी गाडीत कुणाला बसवलं? कुणाच्या नावानं बोकड कापला?" त्यानं झोळीतून चप्पल काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. "तू पोलीस म्हणून काय लिहिलंस ते मला माहीत नाही. तुलाही बाप आहे. तुझ्या बापाला भलत्या जागी सोडून लोक घरी गेले तर चालेल का तुला?"

हादेबे चपलेकडे बघत राहिला. वाड्यातलं एक वासरू येऊन त्याचा खांदा चाटायला लागलं, त्यानं त्याला हाकललंही नाही.

"जागा सांगितली की सगळंच सांगितलं असं होतं, म्वेलासे."

"होय. होतं."

"मला चार मुलं आहेत."

"माहीत आहे. त्यांच्या पायांची मापं आहेत माझ्याकडे."

हादेबेनं तोंडावरून हात फिरवला. मग उठला, टोपी घेतली आणि फाटकाबाहेर चालायला लागला. झिबुसे लंगडत मागे.  हौदाच्या पायवाटेवर, कोरफडीच्या मोठ्या झाडापासून सहा-सात पावलांवर हादेबे थांबला. गवत कापलेलं होतं, जमीन उघडी पडली होती.

"इथं," तो म्हणाला. या वेळी त्यानं बोट दाखवलं नाही, गुडघे टेकून जमिनीवर हात ठेवला.

मग तो सांगत गेला. दरोडेखोर मोरीपर्यंत दिसला, मग दिसेनासा झाला. वर पायवाटेवर निळी डांगरी पळताना दिसली. थांब म्हणून ओरडलो. तो थांबला, वळला, दोन्ही हात वर केले. हातात काहीतरी काळं होतं. "मी चपला बघितल्याच नाहीत, म्वेलासे. काळं बघितलं. सकाळीच एक माणूस रक्तात पडलेला बघून आलो होतो. बोटानं आधी झाडली, डोळ्यांनी मग बघितलं. तो म्हणाला..." हादेबेनं मातीवरचा हात पुन्हा दाबला. "तो म्हणाला, 'उशीर झालाय मला.' एवढंच. पडताना."

साहेब आले. खऱ्या दरोडेखोरानं टाकलेली बंदूक त्यांना मोरीपाशी सापडली होती. बंदूक खाली होती, माणूस वर होता. साहेब म्हणाले, एकाची नोकरी गेली की सगळ्या ठाण्याची अब्रू जाते. दोघांनी मिळून मुझीला खाली नेला. एक चप्पल राहून गेली.

"तुम्ही जागा विचारायला आलात त्या दिवशी साहेब शेजारी होते," हादेबे म्हणाला. "मी बोट मोरीकडे केलं. तुम्ही हाक मारलीत. तेव्हापासून मी या वाटेनं येत नाही. मला वाटतं तो मला विचारेल, कधी नेणार?"

झिबुसे त्याच्याजवळ खाली बसला. राग येईल असं त्याला वाटलं होतं. पण समोर दिसत होती ती घामानं भिजलेली तीच मान.

"मी हे सगळं त्या मोलेफेबाईंना सांगणार," तो म्हणाला. "तुझ्या पाठीमागून नाही. तुला सांगून जातोय."

"बायकोला आधी मला सांगू दे. मग मीच येतो तुमच्याबरोबर."

"दोन दिवस."

"एक पुरे," हादेबे म्हणाला.

*

शनिवारी झिबुसेनं दफनाला आलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं. ती दगड जमवलेली पोरंही आली. कबरीपाशी, आधी उभा होता तिथंच तो उभा राहिला.

"इथं उभं राहून मी म्हणालो होतो की मुझी हातात बंदूक घेऊन मेला," तो म्हणाला. "ते चूक होतं. त्याच्या हातात माझ्या हातची चप्पल होती. दोन्ही हात वर होते. मी हात धुतला पण हात बघितला नाही. जो माणूस मला आवडत होता त्याचं ऐकलं आणि जी आई खरं बोलत होती तिला गप्प केलं. कागदावर सही केली होती, ती काल जाऊन परत घेतली. हादेबे आपण होऊन बाईंपुढे बसला आणि सगळं बोलला. त्याचं काय करायचं ते कोर्ट बघेल. दगड तसेच राहू द्या, कुंपणाला उपयोगी पडतील."

कुणी हसलं नाही. मग माझुंगू पुढे आली. दफनानंतर आज प्रथमच ती दिराशी बोलली.

"संपलं का भाषण, भाऊजी?"

"संपलं."

"मग उठा. पोरगं वर बसलंय उपाशी आणि तुम्ही भाषणं करताय." आणि एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि मुझी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. झिबुसे तिच्याजवळ काठी धरून उभा राहिला. दिरानं भावजयीला हात लावायचा नसतो, म्हणून काठीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. ती ते धरून उठली.

नवी फांदी तोडली. कोरफडीपाशी झिबुसेनं ती जमिनीला टेकवली. "मुझी," तो म्हणाला, "उशीर झाला. तुला नाही, मला. चल." उतरताना तो फक्त त्याच्याशीच बोलला. आता उतार आहे. आता नदी आहे, चपला हातात घेतो. त्यानं खरंच चपला हातात घेतल्या आणि थंड पाण्यातून अनवाणी गेला, दुखऱ्या गुडघ्यानं.

घरी दुसऱ्या बोकडापुढे पानं धरली. बोकडानं सगळी खाल्ली, डहाळीसुद्धा चावायला लागला. भुकेला असेल कदाचित. उजवी चप्पल मोलेफेबाईंकडे पुरावा म्हणून होती, ती पुढच्या वर्षी खटला संपल्यावर परत आली. साहेबांना तुरुंग झाला, हादेबेलाही झाला, पण कमी. हादेबेच्या मुलांच्या चपला झिबुसे दर वर्षी करून पाठवत राहिला, पाय वाढतील तशा.

मुझी म्थेंबू, वय सव्वीस, माझुंगूचा एकुलता मुलगा, हौदावर कामाला जात असताना गुरुवार, चौदा ऑगस्ट दोन हजार चौदा रोजी, सकाळी दहाच्या सुमारास, पायवाटेवर कोरफडीच्या झाडाजवळ पोलिसाच्या गोळीनं मेला.